सरव्याचं तोरण

३० डिसेंबर. सकाळचे नऊ वाजले होते. माझ्या हातात दाभण होतं आणि समोर उंदरांनी कुरतडलेली सहा पोती. धान गिरणीवर न्यायचं होतं, आणि भोकं पडलेल्या पोत्यातलं धान गिरणीपेक्षा रस्त्यालाच जास्त मिळतं. माझी भाची, वय वर्षं सहा, समोर पाय पसरून बसली होती आणि सुतळीचं टोक ओलं करून दुसऱ्या दाभणात ओवत होती. चार दिवसांपूर्वी तिला दाभण म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

"आत्या, पप्पा कोणत्या बसनं येणार?"

"दुपारच्या."

"तोपर्यंत तोरण होईल का?"

"होते. पहिले सुतळी ओव."

तोरण ओसरीवर सुपात पडलं होतं. धानाच्या लोंब्यांचं, अर्धं विणलेलं. पोरीला ते शाळेत न्यायचं होतं. सुट्टीतली एक वस्तू घेऊन या आणि वर्गासमोर उभं राहून तिच्याबद्दल सांगा, असं तिच्या बाईंनी सांगितलं होतं. माझ्या भावाला ते तोरण दिसलं की तो काय म्हणेल हे मला पक्कं माहीत होतं. ते पोत्याखाली झाकून ठेवणं सोपं होतं. झाकायचं नाही असं मी ठरवलं होतं.

आधीचं थोडं सांगते. मी एसटीत कंडक्टर आहे. लग्न केलं नाही, मूल नाही, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांना मी मनातल्या मनात पुढच्या थांब्यावर उतरवते. चामोर्शीपासून आत, आईच्याच घरात राहते. पगारातून दोन एकर धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, घेतली, तिलाही आता दहा-बारा वर्षं झाली. धाकटा भाऊ गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे, क्वार्टरमध्ये राहतो. डिसेंबरात धान घरी येतं म्हणून मी सुट्टी टाकते. यंदा त्याच दिवसांत भावाची पाळी बदलली, भावजयीची कसलीशी परीक्षा निघाली, आणि पोरीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली.

"बाई, पाच-सहा दिवस ठेवशील काय तिले?" भावानं फोनवर विचारलं.

"ठेवीन. पण मले खेळवता येत नाई."

"टीव्हीसमोर बसवजो."

टीव्ही दिवाळीपासून बंद होता. हे मी त्याला सांगितलं नाही.

पोरगी आली ती दोन स्वेटर, कानटोपी, मोजे, खोकल्याचं औषध आणि सूचनांचा कागद घेऊन. कागदावर भावजयीनं लिहिलं होतं की सकाळी आठच्या आत बाहेर सोडू नये. आमच्याकडे सकाळी आठपर्यंत निम्मा दिवस होऊन जातो. पहिल्या दिवशी मी कागद पाळला. पोरगी खिडकीचे गज धरून उभी राहिली आणि दर पाच मिनिटांनी मला बातम्या देत राहिली. बकरी भिंतीवर चढली. एका आजोबांच्या तोंडातून धूर येतोय, पण त्यांच्याकडे बिडी नाही. समोरच्या गवताच्या घराला दार नाही.

"ते घर नाई. धानाचं पुंजणं हाये. कापलेल्या धानाचे भारे रचून ठेवतात, मग चुरतात."

"मग त्यात कोण राहतं?"

"उंदीर."

"म्हणजे घरच आहे ना."

दुसऱ्या दिवशी मी कागद डब्याखाली ठेवला.

त्याच सकाळी तिला शाळेमागच्या बांधीत पोरं दिसली. पाच-सहा जणं टोपल्या घेऊन वाकून चालत होती. मध्येच कोणीतरी खाली बसायचं, काहीतरी उचलायचं, टोपलीत टाकायचं.

"ते काय शोधतायत?"

"सरवा."

"सरवा म्हणजे?"

धान कापताना, भारे बांधताना, वाहून नेताना लोंब्या गळतात. भारे खळ्यावर गेले की त्या बांधीत जायला कोणालाही मोकळीक असते. पडलेल्या लोंब्या जो वेचेल त्याच्या. यालाच सरवा म्हणतात. ज्यांना शेत नाही त्यांच्या घरी यातून चार दिवसांचं जेवण होतं आणि पोरांना मुरमुऱ्याच्या लाडवापुरतं काहीतरी सुटतं. एवढं सगळं मी तिला सांगितलं. ती धावत जाऊन चप्पल घालून आली.

"चल."

"नाई. काटे असतात तिथी. साप असतात. वाघ येते."

एका दमात मी तीन कारणं दिली आणि तिन्ही फुसकी होती. शाळेमागची बांधी डांबरी रस्त्याला लागून आहे. वाघ जंगलाकडच्या बांध्यांत फिरतो, तिकडे आम्ही मोठी माणसंही चौघांशिवाय जात नाही. थंडीत साप बिळातून निघत नाही. आणि काट्यांचं म्हणाल तर मी स्वतः त्या बांधीत सात-आठ वर्षं अनवाणी फिरले आहे.

"ती मुलं माझ्याएवढीच आहेत," पोरगी म्हणाली. "त्यांना वाघ खात नाही का?"

गाडीत बिनतिकीट माणूस पकडला की तोही अशीच कारणं सांगतो, एकापाठोपाठ एक, आणि एकाहून एक पोकळ. मला माझाच राग आला. टोपली काढली.

"एक तास. त्याच्यावर एक मिनिट नाई."

बांधीत पाय ठेवताच तिनं मोजे काढले. दवानं ते चिंब झाले होते आणि कापलेल्या धानाच्या खुंटात अडकत होते. चपलाही काढल्या. आधी तिला कुठे जायचं नाही ते दाखवलं. काही शेतकरी धान उभं असतानाच त्यात लाखोळी, म्हणजे डाळीचं बी, फेकतात. धान कापून होईपर्यंत ती बोटभर वर आलेली असते, त्या बांधीत पाय ठेवायचा नाही. उरलेलं सगळं मोकळं.

"हे सगळं आपल्यासाठी ठेवलंय?"

"कोणी ठेवलं नाई. पडलं हाये."

"मग त्यांनी का नाही उचललं?"

"त्याहिले एवढ्या-तेवढ्यासाठी वाकायची गरज नाई."

"मला वाकायला आवडतं," ती म्हणाली आणि वाकली.

तिला वाकावं लागतच नव्हतं, खरं तर. सहा वर्षांच्या पोराचे डोळे जमिनीच्या किती जवळ असतात हे मी विसरले होते. मला वरून सगळी बांधी पिवळी दिसत होती. तिला भेगा दिसत होत्या. पाणी आटल्यावर चिखल फाटतो आणि हातभर लांब भेगा पडतात, त्यांत लोंब्या उभ्या जाऊन बसतात. ती भेगेत दोन बोटं घालायची आणि पत्र काढावं तशी लोंबी वर काढायची. प्रत्येक लोंबी मला आणून दाखवायची. ही लठ्ठ. ही वाकडी. ही लाल. लांब कुसळांची एक मिळाली तेव्हा तिनं ती ओठांवर धरली आणि पोलिसासारखी चालून दाखवली.

"ही मिशीवाली. ही माझी. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही."

मी वाकले. कमरेनं लगेच ओळख दिली. तीस वर्षांत मी सरव्यासाठी वाकले नव्हते, पण हात विसरले नव्हते. डाव्या हातात लोंब्यांची मूठ, उजवा हात जमिनीवर, मूठ भरली की त्यातल्याच एका काडीनं बांधायची आणि टोपलीत टाकायची. सरव्याची मला लहानपणची एकच गोष्ट आठवायची, ती म्हणजे थंडीत भेगाळलेली बोटं. आता माझ्या पुढे दहा पावलांवर एक पोरगी त्याच बांधीत घर शोधल्यासारखी हिंडत होती आणि मला हाका मारत होती की इथे उंदराचा जिना आहे.

धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, शेजारची काकी येत होती. ही बांधी तिचीच. साठीची बाई, तोंडाला लगाम नाही.

"कंडक्टरबाई. घरी पोत्यानं धान हाये अन इथी सरवा वेचून राह्यली? एसटीनं पगार बंद केला का काय?"

"पगार चालू हाये, काकी. तुमच्या बांधीतलं धान गोड लागते म्हणून आली."

"अन हे कोण? भावाची का? बाप्पा, साहेबाची पोरगी सरव्याले."

"साहेब पण याच बांधीत मोठा झाला."

काकी हसली. तिला सगळं आठवत होतं, गावात सगळ्यांनाच आठवतं. पोरगी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं मिशीवाली लोंबी वर केली.

"आजी, ही तुमची आहे का?"

"माझीच. हे कुसळाचं धान आमच्याच घरी पेरतात."

"होती," पोरगी म्हणाली. "आता मला सापडली."

काकी धुऱ्यावर बसून हसली. मला हसू आलं नाही. काकीचं ते "आमच्याच", त्याच धानाबद्दल, मी पूर्वी एकदा ऐकलं होतं.

तास म्हणता म्हणता तीन दिवस गेले. पोरगी सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी टोपली शोधायची. सुट्टीचे किती दिवस उरले हे ती विचारत नव्हती. कोणती बांधी उरली हे विचारत होती. तिचे पाय पांढरे पडले, गालांना भेगा गेल्या, खोकला कुठेतरी निघून गेला. संध्याकाळी फोनवर आईला ती सांगायची, "आज उंदराकडे गेलो होतो." भावजयीला वाटलं कार्टून असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चटईवर सगळा सरवा ओतला. मी तिला सांगितलं की धान घरी आलं की लोंब्यांचं तोरण करून दाराला बांधतात. आधी चिमण्यांनी खायचं, मग माणसांनी. ती म्हणाली, "मग हेच शाळेत नेते. वर्गातल्या चिमण्यांना." मी म्हटलं चालेल, आणि लोंब्या हातात घेतल्या.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आत्या, तुम्ही वेगळ्या वेगळ्या का ठेवता?"

मी खाली पाहिलं. चटईवर चार ढीग झाले होते. बारीक धान एकीकडे, जाड एकीकडे, लालसर तिसरीकडे. कुसळाच्या लोंब्या पार माझ्या मांडीखाली सरकवलेल्या. हे मी केलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

माझी आई असंच करायची. आम्हाला शेत नव्हतं. आई दुसऱ्यांचं धान कापायची, त्याची मजुरी धानातच मिळायची, आणि कापणी संपली की आम्ही तिघं सरवा वेचायचो. तरी आई दर हिवाळ्यात तोरण करायचीच. मात्र करण्याआधी निवडायची. ज्याचं शेत असतं त्याचं तोरण एका बांधीतलं असतं, सगळ्या लोंब्या एका जातीच्या, एका उंचीच्या, एका रंगाच्या. सरव्याचं तोरण गावभरच्या बांध्यांचं असतं, त्यामुळे ते मिसळीचं दिसतं. आमच्याकडे कोणीही लांबूनच ते ओळखतं. म्हणून आई एकसारख्या लोंब्या शोधून काढायची, दोन-दोन दिवस लावायची, आणि एवढं करूनही तोरण मागच्या दारावर बांधायची.

एका वर्षी कुसळाच्या दोन-तीन लोंब्या नजरेतून सुटल्या. भाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याच्या वर्गातला एक पोरगा मागच्या दारी बोरं खायला आला. त्यानं तोरणातली एक लोंबी उपटली आणि म्हणाला, "हे आमच्या बांधीतली हाये." खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून शाळेत भावाचं नाव सरव्या पडलं. भावानं घरी येऊन तोरण ओढून काढलं आणि चुलीत घातलं. आईनं त्याला जेवायला वाढलं. पुढच्या वर्षी तिनं तोरण केलं नाही, नंतरही कधी नाही. शेत मी घेतलं तेव्हा ती गेलेली होती. मीही माझ्या शेताच्या लोंब्यांचं तोरण कधी केलं नाही. कारण विचारलं असतं तर मी वेळ नाही म्हटलं असतं.

चटईवरचे चार ढीग मी दोन्ही हातांनी पुन्हा एकत्र केले. चांगले खालीवर केले, चिवडा करतात तसे.

"आता घे," मी पोरीला म्हटलं. "डोळे मिटून घे. जी येईल ती विण."

म्हणून ३० डिसेंबरला ते तोरण तसं होतं. बारीक, जाड, पिवळं, लाल, मध्ये मध्ये कुसळं उभी. वेणी मी घालत होते, लोंब्या ती देत होती. सहाव्या पोत्याला टाका घालून झाला नव्हता तोच फाटक वाजलं.

भाऊ आला. पोरगी पळत जाऊन त्याच्या पायाला चिकटली. त्यानं तिला उचललं, गाल पाहिले, पाय पाहिले.

"बाई, हे काय हाल केले हिचे?"

"खोकला कुठी हाये विचार आधी."

"मोजे कुठी हायेत?"

"वाळत हायेत. चार दिवसांपासून."

तो हसायला लागला होता. तेवढ्यात त्याला सूप दिसलं. त्यानं पोरीला खाली ठेवलं. तोरणाजवळ गेला, पण हात लावला नाही.

"हे कोणी केलं?"

"मी आणि आत्यानी," पोरगी म्हणाली. "मी शाळेत नेणार आहे. सगळा सरवा मी वेचलाय."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी पोत्याला टाका घातला.

"पप्पाले पाणी आण," तो पोरीला म्हणाला. ती आत गेली. मग हळू आवाजात मला, "तुह्या शेतात लोंब्या नव्हत्या काय?"

"आपलं मशीननं कापलं. मशीन लोंबी ठेवत नाई."

"मग करायचंच कशाले होतं? पोरीले सरव्याले नेलं तू. गावानं पाह्यलं असन."

"काकीनं पाह्यलं. म्हणजे गावानं पाह्यलं."

"मी तिथी लोकाहिले काय सांगून ठेवलं हाये तुले माहीत हाये. सासऱ्याले वाटते आपलं पहिलेपासून शेत हाये."

"ते तू सांगितलं. मी नाई सांगितलं."

"शाळेत नाई न्यायचं हे."

"तिच्या शाळेत सरवा कशाले म्हणतात, हे कोणाले माहीत हाये?"

"मले माहीत हाये," तो म्हणाला.

पोरगी तांब्या घेऊन आली, निम्मं पाणी ओसरीवर सांडत. भाऊ पाणी प्यायला. मग अगदी समजूतदार आवाजात म्हणाला, "बाळा, आपण तुझ्या शाळेसाठी दुसरं काहीतरी घेऊ. चामोर्शीत चांगलं दुकान आहे. हे आत्याकडे राहू दे. आत्या मागच्या दारावर लावेल."

"मागच्या का?"

"तिथे चिमण्या जास्त असतात."

"नाही," पोरगी म्हणाली. "चिमण्या समोर असतात. मी मोजल्या आहेत. मागे कोंबड्या असतात."

भावानं माझ्याकडे पाहिलं. त्याला मी मध्ये पडायला हवी होते. लहानपणी पडायची तशी. मी दाभण पोत्यात खोचून ठेवलं.

"पोरी," मी म्हटलं, "तुझ्या बाबाले हे नको हाये, कारण आपल्या घरी पहिले शेत नव्हतं. आम्ही सरवा वेचून खाल्ला. तुझी आजी, मी अन हा. शाळेतली पोरं ह्याले सरव्या म्हणत होती."

"बाई." भाऊ उभा राहिला.

"खोटं हाये?"

त्याचा रंग उतरला होता. मला वाईट वाटलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. चाळीस वर्षांचा माणूस आणि एक सूप, आणि त्याला सुपाची भीती. आईनं ही भीती दोन-दोन दिवस बसून निवडली होती. मी तिसऱ्या पिढीसाठी निवडायला बसणार नव्हते.

पोरगी बापाकडे बघत होती. तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं.

"तुम्हाला सरव्या म्हणायचे? म्हणजे तुम्हाला सगळ्यात जास्त सापडायचा?"

भाऊ फाटकाकडे निघाला होता. थांबला.

"माझ्याहून जास्त?" तिनं विचारलं. "मला तीन टोपल्या सापडला. त्या मुलांमध्ये एक दादा आहे, त्याला पाच सापडला, पण त्याला कोणी सरव्या म्हणत नाही."

मी हे पोरीला शिकवलं नव्हतं. शिकवूनही सुचलं नसतं. तिच्या डोळ्यांपुढून ती बांधी गेली नव्हती, आणि त्या बांधीत ज्याला लोंब्या सापडतात तो मोठा, एवढाच तिचा हिशोब होता.

भाऊ फाटकाला हात लावून उभा होता. तिथूनच म्हणाला, "भेगेतल्या काढत होती का?"

"हो. दोन बोटांनी."

"अन बिळातल्या?"

"आत्यानी हात घालू नको म्हटलं."

"हात नाई घालायचा. बिळाच्या तोंडापासून दोन पावलं सोडून खोदायचं. तिथी उंदीर साठवून ठेवते." तो परत येऊन ओसरीच्या पायरीवर बसला. "मी काढत होतो. एकेका बिळातून सूपभर निघे."

पोरगी त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं सूप त्याच्या मांडीवर ठेवलं. आता तो ढकलून देऊ शकत नव्हता. त्याची बोटं तोरणावरून फिरली. बघता बघता त्यानं कुसळाची लोंबी चिमटीत धरून ओढायला सुरुवात केली. माझ्याच बोटांनी काल तेच केलं होतं, म्हणून मी हसले नाही.

"पप्पा, ती नका काढू. ती मिशीवाली. ती माझी आहे."

त्यानं लोंबी सोडली. चांगली अर्धी बाहेर आली होती, ती त्यानं आत सारली आणि वेणी दाबून घट्ट केली. मला वाटलं झालं. पण माझा भाऊ माझाच भाऊ आहे.

"दारावर लाव तुले लावायचं तर," तो मला म्हणाला. "पण मागच्या. मी जायच्या आधी समोर नको लावू."

"तू जायच्या आधीच लावीन."

"तू ऐकणारच नाई."

"नाई."

"अन शाळेत?"

"ते तुझ्या पोरीचं हाये. तिले विचार."

त्यानं तिला विचारलं नाही. दुपारी आम्ही तोरण पूर्ण केलं. ते दोन हात लांब झालं तेव्हा मी कात्री घेतली आणि मधोमध कापून दोन्ही टोकं सुतळीनं बांधली. एक तुकडा पोरीच्या हातात दिला. तिनं तो बॅगेत घातला, स्वेटरांच्या वर. भाऊ बघत होता. रात्रीच्या जेवणाला तो एवढंच म्हणाला की वांग्यात मीठ कमी आहे. होतंच.

३१ डिसेंबरला मी नेहमीपेक्षा आधी उठले. अंगण झाडलं, चहा ठेवला. मग स्टूल आणि हातोडी घेऊन समोरच्या दाराशी गेले आणि चौकटीत दोन खिळे ठोकले. आवाज गल्लीभर गेला असेल, तेवढ्यासाठीच मी जोरात ठोकले. भाऊ आतून उठून आला. दारात उभा राहिला, मफलर बांधत. तोरण जरा डावीकडे झुकलं होतं.

"उजवीकडचा खिळा खाली हाये," तो म्हणाला.

मी तो काढून बोटभर वर ठोकला.

सातच्या बसला ते दोघे गेले. मी थांब्यापर्यंत सोडायला गेले. पोरीच्या बॅगेची चेन पुरती लागत नव्हती, फटीतून लोंब्यांची टोकं आणि एक कुसळ बाहेर आली होती. गाडीत बॅग वर टाकू नको, चुरा होईल, असं सांगायला मी खिडकीशी गेले. त्यानं ती आधीच मांडीवर घेतली होती. कंडक्टर माझ्या ओळखीची होती. तिनं घंटी दिली.

परत आले तेव्हा काकी माझ्या दारासमोर मान वर करून उभी होती.

"कुसळाच्या आमच्याच दिसून राह्यल्या."

"तुमच्याच हायेत. तीन हायेत, डावीकडून पाहा. लाल सरपंचाच्या बांधीतल्या. जाड्या कोणाच्या ते सांगता येत नाई."

"अन तुझ्या?"

"एकही नाई."

काकीनं आणखी थोडा वेळ पाहिलं. "मिसळीचं बरं दिसते," ती म्हणाली आणि गेली. तिचा आवाज खरा होता की खोचक, हे मी ठरवत बसले नाही. एक पोतं शिवायचं राहिलं होतं. मी ओसरीवर बसले, दाभण घेतलं, आणि सुतळी स्वतःच ओवली.